१९५९ची लेस पॉल पुन्हा घडवताना: एका रीइश्यूचं प्रकरण

गिब्सन या अमेरिकी गिटार कंपनीच्या कॅलामाझूच्या कारखान्यातून १९५३ साली २,२४५ सोनेरी लेस पॉल इलेक्ट्रिक गिटारी बाहेर पडल्या. १९५८पर्यंत हा आकडा ४३४वर आला. त्याच वर्षी सोनेरी रंग जाऊन चेरी सनबर्स्ट (कडेला लालसर, मध्ये पिवळा) आला, तरी १९५९ला ६४३ आणि १९६०ला ६३५ इतकीच मजल गेली. मग कंपनीनं तो आकारच बंद केला आणि दोन टोकदार शिंगांची, पातळ, अख्ख्या महोगनीची गिटार आणली. तीच पुढे एसजी झाली. म्हणजे आज लाखो डॉलरना विकली जाणारी सनबर्स्ट लेस पॉल कंपनीच्या हिशोबात न खपलेला माल होती. रीइश्यू, म्हणजे जुनं मॉडेल पुन्हा काढणं, इतकं अवघड का ठरलं याची बरीचशी कारणं या नोंदीपाशीच सुरू होतात.

गिटार कंपन्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो: जुनं मॉडेल पुन्हा का काढत नाही, नकाशे तर तुमच्याकडेच आहेत ना? लेस पॉलच्या बाबतीत याचं उत्तर असं, की नकाशात गिटारचा थोडाच भाग होता. उरलेला भाग बेल्ट सँडरवर (लाकूड घासायच्या यंत्रावर) नेकला, म्हणजे गिटारच्या दांड्याला, आकार देणाऱ्या हातात होता, त्या आठवड्यात स्टोअरमध्ये आलेल्या लोहचुंबकांत होता आणि त्या काळी सहज मिळणाऱ्या लाकडात होता. यातलं काहीही खरेदी विभागाला नुसती ऑर्डर देऊन मागवता येत नाही.

मागणी आली, उत्तर भलतंच गेलं

१९६५-६६च्या सुमारास मायकेल ब्लूमफील्ड आणि एरिक क्लॅप्टन या गिटारवादकांच्या हातात या गिटारी दिसू लागल्या. मोठ्या आवाजात, तापलेल्या अँपमधून (अॅम्प्लिफायरमधून) त्या जशा वाजत, तशा १९५९मध्ये कुणी वाजवल्याच नव्हत्या. सेकंडहँड भाव चढले आणि १९६८ला गिब्सननं लेस पॉल परत आणली. पण आणलं काय? पी-९० पिकअपची सोनेरी गिटार, म्हणजे साधारण १९५६चं रूप, आणि जोडीला काळी कस्टम ही महागडी आवृत्ती. (पिकअप म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग; पी-९० एका कॉइलचा.) त्या कस्टमच्या शरीरावरही मेपलचा थर, म्हणजे माथा, होता. पन्नाशीच्या दशकातली कस्टम अख्ख्या महोगनीची असे. लोकांना हवी होती ती हंबकर (दोन कॉइलच्या, घरघर घालवणाऱ्या) पिकअपची सनबर्स्ट, आणि ती आलीच नाही.

१९६९ला डिलक्स आली, तिच्यात मिनी-हंबकर. हे पिकअप गिब्सनच्याच एपिफोन ब्रँडच्या गिटारींसाठी वापरात होते आणि पी-९०साठी आधीच कोरल्या जाणाऱ्या खळग्यात थोड्या खटपटीनं बसत. नवं टूलिंग नको, पडून असलेला माल संपतो. आतून पाहिलं तर निर्णय शहाणपणाचा होता, गिऱ्हाइकाच्या बाजूनं मात्र चुकीचा. रीइश्यूबद्दलची टाळाटाळ बहुतेक वेळा अशीच दिसते. कंपनी ‘नाही’ म्हणत नाही, चालू साच्यात बसेल तेवढंच देते.

१९६९च्या अखेरीस मालकी बदलली आणि नॉर्लिन या नव्या मालक कंपनीचा काळ सुरू झाला. शरीर थर चिकटवून बनू लागलं, नेक तीन पट्ट्यांचा झाला, हेडस्टॉकच्या (नेकच्या खुंट्यांकडच्या टोकाच्या) मागे फुगवटा आला, पुढे काही वर्षं नेक मेपलचाही झाला. हे सगळं निव्वळ काटकसरीपोटी झालं असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. फुगवटा आणि थरांचा नेक हे तुटलेल्या हेडस्टॉकच्या तक्रारींवरचे प्रामाणिक उपाय होते.

दरम्यान दुकानदारांनीच मार्ग काढला. मेंफिसच्या स्ट्रिंग्ज अँड थिंग्जनं १९७५पासून आणि न्यू जर्सीच्या गिटार ट्रेडरनं १९८२मध्ये ‘जुन्यासारखी करून द्या’ अशा खास ऑर्डरी दिल्या. यात न खपण्याची जोखीम दुकानावर होती, म्हणूनच कंपनी तयार झाली असावी. जपानमध्ये तोकाईनं १९७८ला ‘लेस पॉल रीबॉर्न’ नावानं थेट नक्कल काढली. गिब्सनचं स्वतःचं पहिलं अधिकृत पाऊल पडलं १९८०ला, हेरिटेज स्टँडर्ड ८०च्या रूपात. मॉडेल बंद पडल्याला तोवर वीस वर्षं झाली होती. तिच्यातही नेक तीन पट्ट्यांचा होता.

‘१९५९’ म्हणजे नेमकी कोणती?

रीइश्यू काढणाऱ्याला सर्वांत आधी नमुना ठरवावा लागतो आणि पहिली अडचण इथेच येते. नेकची जाडी घ्या. १९५८-५९च्या गिटारींत ती पहिल्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) साधारण २२ ते २३ मिलिमीटर आणि बाराव्यापाशी २५च्या आसपास असते. १९६०मध्ये वर्ष पुढे सरकतं तसा नेक पातळ होत पहिल्या फ्रेटपाशी २०-२१वर येतो. १९६०च्या सुरुवातीच्या गिटारी हाताला १९५९च्याच वाटतात. फ्रेटची तार १९५८ला अरुंद आहे, १९५९ला रुंद. नेक हातानं घासलेले, त्यामुळे एकाच महिन्यातल्या दोन नेकांच्या खांद्यांचा उतारही वेगळा.

पिकअपमध्ये हा फरक सर्वांत ठळक दिसतो. सेठ लव्हर यांनी १९५५ला हंबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते १९५९ला मिळालं, पण तळाशी ‘पेटंट अप्लाइड फॉर’ हे लेबल पुढेही काही वर्षं लागत राहिलं. ‘पीएएफ’ हे नाव त्यावरून पडलं. रचना साधी आहे. ४२ गेजच्या, साध्या एनॅमलचं आवरण असलेल्या तारेच्या दोन कॉइल, प्रत्येकीत सुमारे ५,००० वेढे. एका कॉइलमध्ये सहा फिरते स्क्रू, दुसरीत सहा स्थिर खिळे. खाली अडीच इंची अल्निको (अॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचा) चुंबक आणि वर निकेल सिल्व्हरचं झाकण. पण वेढे मोजून यंत्र आपोआप थांबण्याची शिस्त सुरुवातीला नव्हती, बॉबिन भरलं की चालवणारी बाई यंत्र थांबवायची. म्हणून हे पिकअप आज मोजले तर रोध ७ ते ९ किलोओहमच्या दरम्यान कुठेही सापडतो. चुंबकही अल्निको २, ३, ४ किंवा ५, जो हाताशी असेल तो. एकाच पिकअपच्या दोन कॉइलमध्ये वेढे कमीजास्त असले की घरघर पूर्ण जात नाही, पण वरच्या स्वरांची धार टिकते. दोन्ही समसमान असल्या की घरघर जाते आणि आवाज गोलसर होतो.

मग कुणाची नक्कल करायची? सरासरी काढली तर जो पिकअप तयार होईल, तो १९५९च्या कुठल्याही गिटारमध्ये नसेल. गिब्सनचे स्वतःचे प्रयत्न हा पेच नीट दाखवतात. १९८०च्या आसपास टिम शॉ यांनी पीएएफच्या मापांवर पुन्हा काम केलं, पण तारेवर साध्या एनॅमलऐवजी पॉलियुरेथेनचं आवरण राहिलं, कारण तीच तार स्वस्त आणि रुळलेली होती. नंतरच्या ५७ क्लासिकमध्ये दोन्ही कॉइल सारख्या आणि आत मेण भरलेलं. त्यानंतरच्या बर्स्टबकरमध्ये कॉइल मुद्दाम असमान आणि मेण नाही. तिन्ही पिकअप एकाच मूळ वस्तूकडे बोट दाखवतात आणि तिन्ही एकमेकांहून वेगळे वाजतात.

मेणाच्या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं, कारण परत आलेल्या गिटारींच्या तक्रारींत तो वारंवार येतो. मूळ पीएएफमध्ये मेण नव्हतं. तार आणि झाकण किंचित थरथरतात आणि ती थरथर सिग्नलमध्ये उतरते. छोट्या, स्वच्छ आवाजाच्या अँपवर हे जिवंत वाटतं, सिग्नल फार वाढवणाऱ्या हाय-गेन अँपसमोर उभं राहिलं की शिट्टी वाजते. गिऱ्हाईक म्हणतं, पिकअप खराब आहे. खरं तर तो अचूक असतो. शिट्टी घालवायची तर चार भाग पॅराफिन आणि एक भाग मधमाशीचं मेण दुहेरी भांड्यात ६५ अंश सेल्सिअसपर्यंत वितळवून पिकअप त्यात पंधरा-वीस मिनिटं, बुडबुडे थांबेपर्यंत बुडवायचा. थर्मामीटर न लावता हे करू नये. तापमान ७०च्या वर गेलं की ब्युटिरेटचे बॉबिन वाकतात आणि तार तुटण्याचा धोका वाढतो. खऱ्या जुन्या पिकअपवर हा प्रयोग अजिबात करू नये.

लाकूड, कायदा आणि वजन

मूळ फिंगरबोर्ड (नेकवरची, बोटं टेकायची फळी) ब्राझिलियन रोझवूडचे. ही जात १९९२ला साइटीस या दुर्मिळ जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेली. याचा अर्थ नवं लाकूड व्यापारातून जवळजवळ बाद झालं. जुना साठा वापरायचा तर त्याची कागदपत्रं हवीत आणि देशाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक गिटारसोबत परवाना हवा. २००३च्या सुमारास काही रीइश्यू अशा जुन्या साठ्यातून निघाले, पण कायमच्या उत्पादनाला तो पुरणारा नव्हता. होंडुरन महोगनी २००३ला दुसऱ्या परिशिष्टात आली. २ जानेवारी २०१७पासून डालबर्जिया वंशाच्या उरलेल्या सगळ्या जाती, म्हणजे भारतीय शिसवीसुद्धा, दुसऱ्या परिशिष्टात गेल्या. तयार वाद्यांना सूट मिळाली ती २६ नोव्हेंबर २०१९ला. मधल्या जवळजवळ तीन वर्षांत साधी शिसवी फिंगरबोर्डची गिटारसुद्धा कागदांशिवाय निर्यात करता येत नव्हती. गिब्सनच्या कारखान्यांवर २००९ आणि २०११ला आयात लाकडावरून अमेरिकी सरकारचे छापे पडले, आणि २०१२च्या तडजोडीत कंपनीनं ३ लाख डॉलर दंड भरला. यानंतर कुठल्याही कंपनीचा खरेदी विभाग जुन्या लाकडाच्या यादीवर सही करताना थबकला, तर त्याला भित्रेपणा म्हणता येत नाही.

वजनाचा प्रश्न कायद्याचा नाही, पण तितकाच चिवट आहे. चांगल्या मूळ गिटारी साधारण ३.९ ते ४.२ किलोच्या असतात आणि शरीर आतून भरीव असतं. १९८०च्या दशकात महोगनी जड येऊ लागल्यावर गिब्सननं माथ्याखाली नऊ भोकं पाडून वजन घटवलं. रीइश्यूत भोकं चालत नाहीत. मग हलक्या फळ्या निवडणं एवढाच मार्ग उरतो आणि त्याच फळ्या इतर महागड्या मॉडेलांनाही हव्या असतात. निवडून उरलेली जड लाकडं कुठे वापरायची, हा प्रश्न रीइश्यूच्या किमतीत दडलेला असतो.

मेपलच्या माथ्याचं प्रकरण निराळंच. १९५९ला ज्वाळांसारख्या रेषांचं मेपल वेगळं काढून ठेवलं जात नव्हतं, कित्येक मूळ गिटारींचा माथा साधा आहे. खरोखर प्रामाणिक रीइश्यूत साधे माथेही असायला हवेत, पण गिऱ्हाईक ते नाकारतं. रंगाचंही तेच. मूळ चेरी रंगातला लाल उन्हानं उडून गिटार मधासारखी, चहासारखी, कधी लिंबासारखी पिवळी झाली. १९६०मध्ये कंपनीनं न उडणारा लाल वापरायला घेतला, कारण तिच्या दृष्टीनं रंग उडणं हा दोष होता. आज मागणी आहे ती उडालेल्या रंगाची. म्हणजे १९५९ला कारखान्यातून निघालेली गिटार कुणालाच नको आहे. हवी आहे ती त्यानंतरची साठ वर्षं अंगावर घेतलेली. हा फरक ओळखल्याशिवाय काढलेला रीइश्यू अचूक असूनही चुकीचा वाटतो.

सांधा, सरस आणि लॅकर

मूळ नेकचं कुसू (शरीराच्या खाचेत बसणारं टोक) लांब असतं आणि पुढच्या पिकअपच्या खळग्याखालपर्यंत जातं. पिकअप काढला की ते दिसतं. पुढे ते आखूड झालं, कारण आखूड कुसवाचा सांधा लवकर बसतो. लांब कुसू १९९३च्या हिस्टॉरिक या रीइश्यू मालिकेत परतलं. त्यानंतर ट्रस रॉडभोवतीची (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळीभोवतीची) प्लॅस्टिकची नळी काढायला आणि नेकच्या जोडाला कातडीचा सरस वापरायला २०१३ उजाडलं. सरसाचा त्रास कागदावर कळत नाही. तो ६० अंशांच्या आसपास गरम ठेवावा लागतो, आणि गार लाकडावर पडला की मिनिटाभरात घट्ट होऊ लागतो. पांढऱ्या गोंदावर कारागिराला काही मिनिटांची उसंत मिळते, इथे कुसू आणि खाच आधी शेकून, शिकंजा हाताशी ठेवून, पहिल्याच झटक्यात नेक बसवावा लागतो. कोन चुकला तर सांधा वाफेनं सोडवून पुन्हा करायचा. तो कोन साधारण चार अंशांचा. त्यात जरा चूक झाली तर ब्रिज (शरीरावर तारांना आधार देणारा भाग) तळाला टेकतो किंवा फार उंच जातो.

नायट्रोसेल्युलोज लॅकर द्रावक उडून वाळतं, म्हणून पातळ थर, थरांमध्ये अंतर आणि शेवटी काही आठवड्यांचा आराम हे सगळं लागतं. तेवढा काळ गिटार जागा आणि भांडवल अडवून बसते. द्रावकाच्या वाफांवरचे पर्यावरणाचे नियम वेगळेच. लॅकर लवचीक ठेवायला प्लॅस्टिसायझर घातला तर तडे जात नाहीत, पण जुन्या गिटारीवर दिसणारे बारीक तडे आणि कडकपणाही येत नाही. गिब्सनच्या, २०२१ला आलेल्या मर्फी लॅब मालिकेच्या गिटारींसाठी म्हणूनच लॅकरची घडण बदलावी लागली.

दोषांसह की दोष काढून?

मूळ हेडस्टॉक १७ अंश मागे झुकलेला, अख्ख्या महोगनीतून कापलेला, आणि नटच्या (फिंगरबोर्डच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) अगदी मागे ट्रस रॉडसाठी खोलगट कोरलेला. लाकडाचे रेषे तिथेच आडवे तुटतात. गिटार स्टँडवरून मागे पडली की हेडस्टॉक तिथूनच जातो. साठच्या दशकाच्या मध्यात गिब्सननं कोन १४ अंश केला, मग फुगवटा दिला. दोन्ही उपायांचा संग्राहकांनी राग राग केला. रीइश्यू काढणारा आज हा दोष जाणूनबुजून परत आणतो, तोही वॉरंटीसह. आमच्या मते १४ अंशांची कल्पना चांगली होती आणि तिच्यावर झालेली टीका मुख्यतः ‘जुनं नाही’ एवढ्याच कारणानं झाली.

मूळ एबीआर-१ ब्रिजचंही असंच. त्याचे खांब थेट लाकडात बसतात, काळानुसार पुढे झुकतात. सॅडल (प्रत्येक तारेखालचा छोटा आधार) जागेवर अडवणारी पातळ तार मूळ ब्रिजला नव्हती, त्यामुळे वाजवताना गिटारची तार तुटली की सॅडल उडून जातो. सत्तरच्या दशकात आलेल्या नॅशव्हिल ब्रिजमध्ये सॅडलना सरकायला जास्त जागा मिळाली. वापरणाऱ्यासाठी तो निःसंशय सुधारणा होता. मूळ टेलपीस (तारांची टोकं अडकवायचा भाग) अॅल्युमिनियमचा, ३० ग्रॅमच्या आसपास; नंतरचा जस्ताचा, दुपटीहून जड. टेलपीस तळापर्यंत घट्ट केला तर तारा ब्रिजच्या मागच्या कडेला टेकतात आणि काही वर्षांत ब्रिज मधोमध खचतो. टेलपीस थोडा वर घ्यावा, नाहीतर तारा वरून वेढून घ्याव्यात.

वायरिंगमध्ये ५०० किलोओहमचे पॉट (आवाज आणि टोनच्या बटणांखालचे बदलते रोध) आणि ०.०२२ मायक्रोफॅराडचे पट्टेरी बम्बलबी कपॅसिटर. टोनचा पॉट व्हॉल्यूमच्या पॉटच्या बाहेर जाणाऱ्या टोकाला जोडलेला, म्हणून आवाज कमी केला तरी वरचे स्वर मरत नाहीत. सत्तरच्या दशकात ३०० किलोओहमचे पॉट आले आणि तीच गिटार बोथट वाटू लागली. हा सर्वांत स्वस्तात सुधारता येणारा भाग. तरी एका टप्प्यावर रीइश्यूंमध्ये बाहेरून बम्बलबी आणि आत आधुनिक फिल्म कपॅसिटर निघाले. ऐकताना फरक नगण्य होता, पण गिऱ्हाइकांचा विश्वास मात्र चांगलाच दुखावला. शिवाय जुने कागदी कपॅसिटर आज गळतात आणि त्यांची मूल्यं सरकलेली असतात. नक्कल नव्याची करायची की सरकलेल्याची, हा प्रश्न इथेही उरतो.

चालू मालाशी वैर

या सगळ्याहून मोठी अडचण दुकानाच्या भिंतीवर असते. स्टँडर्ड (रोजच्या उत्पादनातली लेस पॉल) आणि १९५९चा रीइश्यू शेजारी टांगले, की रीइश्यूच्या पत्रकातली प्रत्येक ओळ स्टँडर्डविरुद्ध साक्ष देते. लांब कुसू, भरीव शरीर, सरस, हलका टेलपीस हे चांगलं असेल तर ते रोजच्या गिटारमध्ये का नाही? आणि महत्त्वाचं नसेल तर जास्त पैसे कशाचे? १९९३ला कस्टम शॉप वेगळा विभाग झाला, तेव्हा या प्रश्नाला कुंपण घातलं गेलं: वेगळी माणसं, वेगळी साधनं, वेगळी किंमत. पण कुंपणाच्या आतही तोच प्रश्न पुन्हा उगवला. २०१५च्या मालिकेचं नाव होतं ‘ट्रू हिस्टॉरिक’. मग त्याआधीच्या काय होत्या? गिऱ्हाईक थांबायला शिकतं, कारण पुढची आवृत्ती याहून खरी असणार हे त्याला कळून चुकलेलं असतं.

यावर सर्वांत सरळ तोडगा २०१०ला सुरू झालेल्या कलेक्टर्स चॉइस मालिकेत दिसला. वर्षाची नक्कल सोडायची आणि एका ठरावीक गिटारची करायची. तिचा नेक स्कॅन करायचा, तिचे पिकअप मोजायचे, तिचाच उडालेला रंग घ्यायचा. ‘कोणती १९५९’ हा वाद मिटतो. मर्यादा एवढीच, की मूळ गिटारच्या मालकाची परवानगी लागते आणि संख्या थोडीच ठेवावी लागते. नव्यानं असं काम हाती घेणाऱ्यानं हाच रस्ता धरावा, आणि पत्रकात कुठले भाग मूळ मापाचे, कुठले मुद्दाम बदललेले, हे भागागणिक लिहावं. मेण आणि ब्रिजची तार हे दोन पर्याय गिऱ्हाइकावर सोडावेत.

एक शेवटचा भाग, जो घडवताना सर्वांत जास्त वेळ खातो आणि सर्वांत आधी जातो. मूळ गिटारीत फ्रेटची टोकं बाइंडिंगवर (फिंगरबोर्डच्या कडेच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर) येत नाहीत. बाइंडिंगच खरवडून प्रत्येक टोकाशी छोटा उंचवटा ठेवलेला असतो, त्याला निब म्हणतात. २२ फ्रेट्स, म्हणजे ४४ निब्ज, आणि सगळे हातानं. संग्राहक ते भिंग लावून तपासतात. मात्र भरपूर वाजवल्या गेलेल्या बहुतेक मूळ गिटारींत रीफ्रेट (फ्रेट बदलणं) झालेलं असल्यानं ते उरलेलेच नाहीत. रीइश्यू रीफ्रेटसाठी आला, तर कारागिरानं निब्ज घासण्याआधी मालकाला विचारून घ्यावं. नवी फ्रेट बाइंडिंगवरून गेली तर कडेच्या तारांना थोडी जास्त रुंदी मिळते. पण नंतर निब्ज परत हवे झाले तर नेकचं बाइंडिंगच बदलावं लागतं, आणि त्यासोबत लॅकरही.